रॉयल इन्स्टिट्यूटचे कावसजी नक्की कोणते?

चर्चगेट_फास्ट (धागाकर्ता)

मंडळी, एक घरगुती भांडण सोडवायचंय. भाचीला यंदा एमएस्सीला मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडातली ती ‘रॉयल इन्स्टिट्यूट’, अ‍ॅडमिशन मिळाली. पहिल्या दिवशी तिला सोडायला गेलो तर पोरीने साधा प्रश्न विचारला की मामा, इथे सगळीकडे कावसजी जहांगीर कावसजी जहांगीर ऐकू येतं, ते कोण? मी छातीठोकपणे सांगितलं की आर्ट गॅलरीवाले. घरी आल्यावर वडील म्हणाले काहीतरी सांगू नकोस, ते युनिव्हर्सिटीच्या कॉन्व्होकेशन हॉलवाले. तर मेव्हणा म्हणतो की ते दोन्ही एकच, त्यांचं खरं आडनाव रेडीमनी. आता तीन माणसं तीन उत्तरं देतायत आणि भाची हसतेय. कुणी जाणकार नीट सांगेल का?

अर्धवट_पीएचडी

मेव्हणा अर्धा बरोबर, वडील अर्धे बरोबर, तुम्ही पूर्ण चूक. मार्क वाटून झाले, आता जाणकारांची वाट बघू.

काळाघोडा_वॉकर

हा घोळ मीसुद्धा बरीच वर्षं घातलाय त्यामुळे तुमच्याबद्दल सहानुभूती आहे. मुळात एक कावसजी जहांगीर नाहीतच, तीन पिढ्यांत तीन आहेत, आणि तिघांनीही दक्षिण मुंबईत एकमेकांपासून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर वास्तू बांधायला पैसे दिले, म्हणजे गोंधळ व्हावा अशी सोयच करून ठेवलीय.

पहिले ते सर कावसजी जहांगीर रेडीमनी. जन्म १८१२, मृत्यू १८७८. हे आडनाव खरंच रोकड्यावरून पडलेलं, पूर्वज नवसारीकडून मुंबईत आले, व्यापारात पैसा केला आणि मागेल तेव्हा रोख कर्ज द्यायला तयार असायचे म्हणून रेडीमनी. (पारशी आडनावांचं हे बरं असतं, बाटलीवाला म्हटलं की धंदा कळतो.) हे कावसजी स्वतः मात्र पंधराव्या वर्षी एका इंग्रज पेढीत गोदामावर नोकरीला लागले होते, तिथून गॅरंटी ब्रोकर (व्यवहाराची हमी घेणारा दलाल) झाले, मग स्वतःचा व्यापार. पुढे मुंबईत इन्कम टॅक्स आला तेव्हा सरकारने त्यांनाच कमिशनर नेमलं, १८७२ मधे ‘सर’ झाले. युनिव्हर्सिटीच्या कॉन्व्होकेशन हॉलला १ लाख रुपये यांनी दिले. तुमच्या वडिलांचे कावसजी हे.

दुसरे म्हणजे त्यांचे वारस, पहिले बॅरोनेट (बॅरोनेट म्हणजे बापाकडून मुलाकडे जाणारी ब्रिटिश पदवी), १८५३ ते १९३४. बॅरोनेटपद १९०८ ला मिळालं. रॉयल इन्स्टिट्यूटला आणि तिला लागून असलेल्या सी. जे. (कावसजी जहांगीर) हॉलला पैसे देणारे हे. भाचीचं उत्तर हे.

तिसरे दुसरे बॅरोनेट, १८७९ ते १९६२. गोलमेज परिषदेला गेले होते ते. त्यांनी मुलाच्या स्मरणार्थ जहांगीर आर्ट गॅलरी बांधून दिली, १९५२. तुमचे आर्ट गॅलरीवाले हे. आणि गॅलरीच्या नावातला ‘जहांगीर’ हा देणगी देणारा नाहीच, तो त्यांचा वारलेला मुलगा.

साधा हिशोब लक्षात ठेवा. इन्स्टिट्यूटची कोनशिला १९११ ची, रेडीमनी गेले १८७८ ला. तेहतीस वर्षांनी परत येऊन चेक फाडणं रेडीमनींनाही जमलं नसतं.

चर्चगेट_फास्ट

वॉकरसाहेब, दंडवत! हे प्रिंट काढून फ्रीजवर लावतो. पण मग आर्ट गॅलरीच्या आधी सी. जे. हॉल होता तर तो हॉल आता कुठे गेला? मला तिथे हॉल म्हणून काहीच दिसलं नाही.

काळाघोडा_वॉकर

डोळ्यासमोर होता पण पाटी दुसरी आहे. म्युझियमच्या (प्रिन्स ऑफ वेल्स, आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) समोरच्या कोपऱ्यावर नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आहे ना, तीच. बाहेरचं कवच जुनं ठेवून आत सगळं बदललं आणि १९९६ मधे गॅलरी म्हणून उघडली. म्हणजे बापाच्या हॉलमधे आणि लेकाच्या गॅलरीत, दोन्हीकडे आज चित्रंच आहेत, मधे फक्त एक रस्ता.

पागडीवाला

सी. जे. हॉलमधे मी लग्नाचं रिसेप्शन अटेंड केलेलं आहे!! सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडिलांच्या ऑफिसमधल्या साहेबांच्या मुलीचं. तेव्हा तिथे काहीही व्हायचं, युनियनच्या सभा, बॉक्सिंगच्या मॅची, हातमाग आणि चामड्याच्या वस्तूंचे सेल. त्याआधीच्या काळात म्हणे काँग्रेसच्या मोठमोठ्या सभा तिथेच. आईने त्या रिसेप्शनच्या दुसऱ्याच आठवड्यात तिथल्या सेलमधून दोन चादरी आणल्या होत्या, त्यातली एक अजून माळ्यावर आहे. आता त्याच जागी तिकीट काढून लोक अमूर्त चित्रं बघतात याची मला दरवेळी गंमत वाटते.

पेठेतला_पुणेकर

मुंबईकरांचं सगळं फोर्टात सुरू होतं आणि फोर्टातच संपतं. रेडीमनींनी पुण्यालाही दिलंय म्हटलं. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची, म्हणजे आजच्या सीओईपीची मुख्य इमारत बघा. तिची कोनशिला ५ ऑगस्ट १८६५ ला गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बसली आणि तिला रेडीमनींनी ५० हजार दिले होते. म्हणजे तुमचा कॉन्व्होकेशन हॉल १८७४ ला पुरा झाला त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडे पाया भरून झाला होता. आणि पुण्याचं जहांगीर हॉस्पिटल, १९४६, ते तिसऱ्या कावसजींचं, पुन्हा त्याच मुलाच्या नावाने. एवढंच नमूद करून खाली बसतो.

अर्धवट_पीएचडी

पुणेकर खाली बसले ही या धाग्यातली सर्वात मोठी ऐतिहासिक घटना आहे.

पेठेतला_पुणेकर

दुपारी १ ते ४ बसतोच आम्ही.

दगडफोड्या

नावांचं चालू द्या, मी दगडाबद्दल बोलतो, कारण त्या इमारतीचं निम्मं सौंदर्य दगडाचं आहे. पिवळसर, सायीच्या रंगाचा तो जो दगड आहे त्याला वास्तुवाले लोक ‘खारोडी बेसॉल्ट’ म्हणतात. खारोडी म्हणजे मालाडचं, मालवणीच्या रस्त्याला आहे ते गाव. पण बेसॉल्ट म्हटलं की आपल्याला आठवतो काळा कातळ, सह्याद्रीचा, पाट्यावरवंट्याचा. मालाडच्या ह्या फिक्या दगडाला भूशास्त्राच्या पुस्तकात ट्रॅकाइट म्हणतात. लाव्हाच पण जातकुळी वेगळी, सिलिका जास्त, लोह-मॅग्नेशियम कमी, त्यामुळे रंग फिका. समोरच्या म्युझियमला गेलात तर भिंतीला नाक लावून बघा (वॉचमन हटकेल, तरी बघा), तिथे मालाडचा पिवळा आणि कुर्ल्याचा करडा बेसॉल्ट दोन्ही वापरलेत, शेजारी शेजारी, फरक लगेच कळतो.

म्युझियम, इन्स्टिट्यूट आणि गेटवे ऑफ इंडिया तिन्ही एकाच माणसाची, जॉर्ज विटेट. स्कॉटलंडचा माणूस, मुंबईतच वारला १९२६ ला, शिवडीच्या दफनभूमीत आहे. म्युझियम आणि गेटवे त्याने इंडो-सारसेनिक केले, घुमट, जाळ्या, विजापूरची आणि गुजरातची आठवण. इन्स्टिट्यूट मात्र सरळ युरोपियन धाटणीचं, खांब वगैरे, आणि रस्त्याच्या वळणाबरोबर वळत गेलेला दर्शनी भाग. त्या वळणामुळे एका नजरेत ती इमारत कधी मावतच नाही, फोटो काढणाऱ्यांना विचारा.

केसरीवाचक

सगळे देणगीदारांची आरती करताय म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. ही संस्था काढायची कल्पना कुणाची, तर गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, जो पुढे लॉर्ड सिडनहॅम झाला. सिडनहॅम कॉलेज त्याच्याच नावाचं. १९०७ ते १९१३ गव्हर्नर. म्हणजे १९०८ मधे लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरला, सहा वर्षांची शिक्षा देऊन मंडालेला पाठवलं, तेव्हा मुंबईत सरकार याच माणसाचं. गिरणी कामगारांनी तेव्हा सहा दिवस संप केला होता, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस. त्यानंतर तीन वर्षांत हे साहेब विज्ञानाच्या मंदिराची पायाभरणी करतात आणि शहरातले शेठ लोक रांगेत उभे राहून थैल्या देतात. सर, बॅरोनेट या पदव्या काय फुकट मिळायच्या?

काळाघोडा_वॉकर

केसरीकाका, मुद्दा नाकारत नाही. सरकारची मर्जी राखणं हा भाग त्या दानात होताच, रेडीमनींनी तर थेट लंडनच्या रीजंट्स पार्कात १८६९ साली पाणपोई बांधून दिलीय, ब्रिटिश राज्यात पारशांना जे संरक्षण मिळालं त्याबद्दल कृतज्ञता म्हणून, असं तिच्यावर कोरूनच ठेवलंय. अजून उभी आहे. पण त्याच माणसाने मुंबईत चाळीसेक पाणपोया बांधल्या आणि भायखळ्याला डोळ्यांचं हॉस्पिटल दिलं, ते साहेबाने नाही वापरलं. दोन्ही एकाच खिशातून निघालं.

बेने_शेजारी

ह्यात आणखी एक वळण आहे ते कुणी सांगितलं नाही. इन्स्टिट्यूटचे मोठे देणगीदार चार. सर कावसजी जहांगीर पारशी, सर जेकब ससून बगदादी ज्यू, सर करीमभाई इब्राहिम खोजा मुसलमान आणि सर वसनजी मुळजी कच्छी जैन. एका सायन्स कॉलेजसाठी चार समाजांतले चार शेठ. एकट्या कावसजींचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं कारण हॉल त्यांच्या नावाचा होता आणि हॉलमधे पब्लिक यायची, प्रयोगशाळेत कोण जातंय.

तर वळण असं की ज्या सिडनहॅमसाठी जेकब ससूननी थैली मोकळी केली तोच सिडनहॅम विलायतेला परत गेल्यावर १९२० च्या दशकात उघड उघड ज्यूद्वेष्टं लिखाण करायला लागला. ससून तोवर हयात नव्हते, १९१६ लाच गेले.

आणि कृपया यांना डेव्हिड ससूनशी मिसळू नका, तिथेही तुमच्या कावसजींसारखंच होतं. लायब्ररी डेव्हिड ससूनच्या नावाची, ते आजोबा. जेकब हे नातू. काळा घोड्याला ती निळी सिनॅगॉग आहे, केनेसेथ एलियाहू, १८८४ ची, ती जेकबनी वडील एलियासच्या स्मरणार्थ बांधली. म्हणजे लायब्ररी, सिनॅगॉग आणि इन्स्टिट्यूट मिळून आजोबा, मुलगा, नातू असा अख्खा वंशवृक्ष तुम्ही चपला न झिजवता फिरू शकता.

मुंबादेवी_डाउनलोड

सगळं ठीक आहे पण एवढ्यात मराठी नाव एक तरी आहे का? सगळे शेठ बाहेरचे.

पागडीवाला

नाना शंकरशेटांना विसरलात? एल्फिन्स्टनपासून रेल्वेपर्यंत. ते १८६५ लाच गेले, १९११ च्या यादीत कुठून येणार. आणि ‘बाहेरचे’ म्हणजे काय हो, रेडीमनी घराणं तुमच्या-माझ्या खापरपणज्याच्या आधीपासून मुंबईत आहे.

जुनी_बायोकेमवाली

मराठी नाव हवंय ना, मी देते. पण ते दाराबाहेरचं नाही, आतलं आहे. आणि मला खरं तर राग हाच येतो की या विषयावर बोलताना सगळे पैसे कुणी दिले इथेच थांबतात, इमारतीत काम कुणी केलं तिथपर्यंत कुणी येतच नाही.

कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाईंच्या सख्ख्या बहीण. १९३३ ला मुंबईत बीएस्सीला पहिल्या आल्या आणि बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला अर्ज केला, तर तिथे संचालक सी. व्ही. रामन, नोबेलवाले, ते म्हणाले मुलींना घेत नाही. कमलाबाई तिथे जाऊन ठाण मांडून बसल्या. शेवटी अटींवर प्रवेश दिला, वर्षभर काम बघू मग ठरवू वगैरे. वर्षाने काम बघून रामननाच मानावं लागलं आणि पुढे तिथे मुलींना प्रवेश मिळायला लागला. मग केंब्रिज. वनस्पतींच्या पेशींमधे सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) असतं हे दाखवलं, आणि १९३९ ला पीएचडी, प्रबंध फक्त चाळीसेक पानांचा. (माझा अडीचशे पानांचा होता आणि त्यात दाखवलं काय ते विचारू नका.) केंब्रिजची विज्ञानातली पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री.

परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर असं करत लग्नानंतर मुंबईला आल्या आणि याच रॉयल इन्स्टिट्यूटमधे बायोकेमिस्ट्री शिकवायला लागल्या. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काम कशावर केलं, तर गरीब माणूस जे खातो त्यावर. डाळी, कडधान्यं, आणि नीरा. नीरेमधे जीवनसत्त्वं आणि लोह किती, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती दिली तर काय फरक पडतो, हे सगळं मोजून दाखवलं, त्याला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत सल्ला द्यायच्या. पुढे संस्थेच्या संचालक झाल्या, पण ती खुर्ची मिळायलाही बाई म्हणून वर्षं ताटकळावं लागलं.

मला नेहमी डोळ्यासमोर येतं ते असं की एक बहीण एशियाटिकमधे पुस्तकांत डोकं घालून बसलीय आणि दुसरी तिथून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर प्रयोगशाळेत नीरेच्या बाटल्या घेऊन उभी आहे. एकीला महाराष्ट्र घरोघरी ओळखतो. दुसरीचं नाव तुमच्या भाचीला विचारा.

चर्चगेट_फास्ट

ताई, विचारलं. माहीत नव्हतं. मलाही दुर्गाबाईंची बहीण एवढंच कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं, त्या तिथेच संचालक होत्या याचा पत्ता नव्हता. भाची गप्प झाली आणि मग फोनवर शोधत बसली, जेवायला तीनदा हाक मारावी लागली.

अर्धवट_पीएचडी

जुनीताई, हे वेगळा धागा म्हणून लिहाच. भर घालतो. होमी भाभा एल्फिन्स्टननंतर १९२७ ला केंब्रिजला जायच्या आधी थोडे दिवस रॉयल इन्स्टिट्यूटमधे होते. एम. जी. के. मेनन, जे पुढे टीआयएफआरचे (भाभांनी काढलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था) संचालक झाले, त्यांनीही इथेच शिक्षण घेतलं. त्यामुळे २०१९ ला जेव्हा इन्स्टिट्यूट, एल्फिन्स्टन, सिडनहॅम वगैरे सरकारी कॉलेजं एकत्र करून डॉ. होमी भाभा स्टेट युनिव्हर्सिटी केली तेव्हा नाव अगदीच उपरं नव्हतं. म्हणजे बघा, नावांचा थर असा. पहिला राजाचा, रॉयल. मग तो शब्द गळून नुसतं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, सरकारी कागदावर विज्ञान संस्था. आणि आता डोक्यावर भाभा.

केसरीवाचक

आणि ज्याच्या राज्यात लोकमान्य मंडालेला गेले त्या सिडनहॅमचं कॉलेज आता भाभांच्या नावाखाली. हे मात्र मला आवडलं.

दगडफोड्या

रस्त्यांचंही तसंच. मेयो रोडचा कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग झाला आणि संस्थेचा पत्ता मादाम कामा रोडचा. दोन्ही बाजूंनी घेराव.

पेठेतला_पुणेकर

एक शंका. रेडीमनींचा पुतळा कुठे आहे? काकांनी लहानपणी दाखवला होता, पारशी पगडी घालून खुर्चीत बसलेला, पण जागा आठवत नाही.

काळाघोडा_वॉकर

कॉन्व्होकेशन हॉलच्या बाहेर, युनिव्हर्सिटीच्या आवारात. थॉमस वूल्नर नावाच्या इंग्रज शिल्पकाराने केलेला. गंमत म्हणजे हॉलचं डिझाइन करणारा गिल्बर्ट स्कॉट आयुष्यात कधी मुंबईला आला नाही, लंडनमधे बसून नकाशे पाठवले. शेजारच्या राजाबाई टॉवरचाही तोच. पैसे देणारे मात्र इथलेच, टॉवरला प्रेमचंद रायचंद, आईच्या नावाने. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हाचा तो सगळा पैसा, १८६५ ला बाजार कोसळला, कित्येक बुडाले, प्रेमचंदही बुडाले, पण बांधायचं ठरलेलं बांधलं गेलं.

चर्चगेटसाहेब, एखाद्या रविवारी भाचीला घेऊन या. पुतळा बाहेरून बघायचा, मग ओव्हलच्या कडेने इन्स्टिट्यूट, मग सी. जे. हॉल, मग रस्ता ओलांडून जहांगीर. तिन्ही कावसजी तासाभरात उरकतात.

चर्चगेट_फास्ट

नक्की. मेव्हण्यालाही आणतो, त्याला पुतळ्यासमोर उभा करून विचारतो हे कितवे. जुनीताई, तुम्हीही या हो, भाचीने खास विचारलंय. तिचा विषय बायोकेमच आहे.

जुनी_बायोकेमवाली

येते. गुडघे धड नाहीत, पुतळ्यापर्यंत नाही येणार, इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांवर भेटू. माझा प्रबंध दाखवायला सांगू नका म्हणजे झालं.

मुंबादेवी_डाउनलोड

जहांगीरमधे समोवार चालू आहे ना? वॉक संपला की तिथेच बसू.

पागडीवाला

अरे कुठे असतोस, समोवार २०१५ ला बंद झालं! पन्नास वर्षं चाललेलं कॅफे. तुझ्यासाठी थर्मासमधून चहा आणतो.